ब्रेक फेल झाला, असं मी सांगितलं

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज गाडी इस्त्रीवालीच्या टेबलावर घातली.

लागलं कुणाला नाही. टेबलाचा एक पाय गेला, कपड्यांचं गाठोडं बॉनेटवर आलं, कुणाचा तरी निळा शर्ट वायपरला अडकला. बंपरला तळहाताएवढा पोचा. बस्स, एवढंच. पण गल्ली अशी जमली की जणू विमान पडलंय. ज्यांनी जन्मात गाडीचं चाक हातात धरलं नाही ते सुद्धा खाली वाकून बघत होते. खाली काय दिसणार होतं त्यांना, डोंबल?

चिरंजीव ऑफिसला निघालेच होते, ते धावत आले. चेहरा पांढरा. "आई, काय झालं?"

"ब्रेक फेल झाला," मी म्हणाले.

बुधवार, ४ फेब्रुवारी

काल वहीतही नीट लिहिलं नाही. वहीशी कसली लाज? ही काय उठून गल्लीत सांगत सुटणार आहे?

तर खरं असं. ब्रेक फेल झालेला नाही. मी दाबलाच नाही.

वळणावर गाडी जरा जास्त बाहेर गेली. टेबल समोर दिसलं. चांगलं दिसलं, डोळ्यांत काही दोष नाही. आणि मी काय केलं? मोठ्यांदा म्हणाले, "ब्रेक!" आणि वाट बघत बसले.

कुणाची वाट? शिकाऊची! बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी "ब्रेक" म्हणायचं आणि स्टिअरिंगवाल्याने दाबायचा. नाहीच दाबला तर माझ्या पायाशी दुसरा ब्रेक होता — अजून आहे, काढू दिला नाही मी — तो मी दाबायचा. काल स्टिअरिंगवर मीच होते, गाडीत दुसरं माणूस नव्हतं, आणि मी ऐटीत हुकूम सोडून गप्प बसले. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच.

लिहिताना हसू येतंय. काल येत नव्हतं. काल किल्ली हातातून दोनदा पडली.

आणखी एक लिहून टाकते, म्हणजे एकदाचं सुटेन. असं काल पहिल्यांदा झालेलं नाही. दिवाळखोर माणूस उधारी लपवतो तशी मी ही गोष्ट लपवलीय. मागच्या महिन्यात सिग्नलला एकदा, आणि त्याआधी भाजी बाजारापाशी एकदा. तेव्हा "ब्रेक" म्हटल्यावर पाऊण सेकंदाने आठवलं की दाबायचा आपणच आहे. तेव्हा पाऊण सेकंद पुरला होता.

स्कूल बंद करून सहा वर्षं झाली. सहा वर्षं काही झालं नाही. आता एकाहत्तराव्या वर्षी हे कुठून उपटलं कोण जाणे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

अठ्ठावीस वर्षांत त्या गाडीने मला एकदा दगा दिला नाही. आणि मी सगळ्यांदेखत तिच्यावर आळ घेतला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

जेवताना चिरंजीवांनी निकाल ऐकवला. भंगारवाल्याशी बोलणं झालेलं आहे. सोमवारी सोळा तारखेला सकाळी त्याचा ट्रक येणार आणि गाडी उचलून नेणार.

"कुणाची गाडी?" मी विचारलं.

"आई, अठ्ठावीस वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी गेलं. जुन्या गाडीचे ब्रेक आणि म्हाताऱ्या माणसाचे दात, एकदा हलले की विश्वास ठेवायचा नसतो."

"माझे दात अजून माझेच आहेत. दाखवू?"

सूनबाई पाणी पिता पिता ठसकल्या. चिरंजीव हसले नाहीत. पुढचं ऐकायला मी तयार नव्हते — मला नवी गाडी घेणार आहेत म्हणे! "तू गाडीशिवाय राहू शकत नाहीस, मला माहितीये. तू चालव. पण सुरक्षित गाडी चालव." वर माझ्या ताटात भाजी वाढली.

आता भांडावं तरी कसं? पोरगं वाईट वागलं असतं तर सोपं होतं. सरळ दोन दिल्या असत्या.

ही गाडी मी घेतली तेव्हा सगळा गाव म्हणत होता, बाईकडे कोण गाडी शिकायला येतंय? नवरा म्हणाला, सहा महिन्यांत विकावी लागेल. सहा महिन्यांत सकाळच्या बॅचला जागा नव्हती! अकराशेच्या वर माणसं शिकून गेली तिच्यावर. प्रत्येकाने तिचा क्लच जाळला, गिअर खरवडले, फुटपाथवर चढवली. ती उन्हात, थंडीत, पहिल्या किल्लीला चालू होते. अजूनही. नवरा गेला त्या दिवशी दवाखान्यातून मला घरी तिनेच आणलं. मी काय चालवलं असेन त्या दिवशी? ती आपली आपण आली.

नेऊन तर दाखवू दे भंगारात.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मिस्त्रीकडे गेले. चिरंजीवांची सक्त ताकीद होती की गाडी हलवायची नाही. मी हलवली. पहिल्या गिअरमध्ये, चार गल्ल्या, आणि पूर्ण वेळ स्वतःला बजावत — दाबायचा तुलाच आहे, दाबायचा तुलाच आहे.

मिस्त्री बावीस वर्षं हिचं सगळं बघतो. दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू देत नाही. त्याने चारी चाकं काढली, आत बघितलं, पेडल दाबलं, पुन्हा दाबलं. मग स्वतः रस्त्यावर नेली आणि अशी कचकन थांबवली की मागचा सायकलवाला शिव्या देत गेला.

परत आला. हात पुसत बसला. बराच वेळ पुसले.

"मॅडम, ब्रेक कडक आहेत. नव्या गाडीचे नसतात असे."

मी काढून ठेवलेलं चाक बघत बसले.

"ब्रेक फेल झालेले नाहीत हे."

त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मी लिहून देतो. ब्रेकचा पाइप गळत होता, बदलला. गॅरेजचा शिक्का मारून देतो. तुमचंही राहील, हिचंही राहील."

शहाणा माणूस आहे. पुढे एक अक्षर विचारलं नाही. मी म्हटलं, सांगते. घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. आयती पळवाट समोर आलेली, आणि मी तिथल्या तिथे हो म्हणाले नाही. का नाही म्हणाले?

सोमवार, ९ फेब्रुवारी

शोरूमला नेलं मला. फरशी इतकी गुळगुळीत की गाडीआधी मीच आपटले असते.

नव्या गाडीत बसले. पट्टा लावा — टिंग. दार लावा — टिंग. हात स्टिअरिंगवर ठेवा — टिंग. माझी सासू कडक होती, पण तीसुद्धा मधे श्वास घ्यायची. चावी नाहीच, बटण. गिअर नाही, एक गोल खुंटी. म्हटलं, हे मिक्सर आहे की मोटार?

विकणारा मुलगा दातांची जाहिरात असल्यासारखा हसत होता. माझ्याशी बोलताना आवाज वाढवून, शब्द तोडून तोडून. मी त्याला म्हटलं, बाळ, मी बहिरी नाही. तुझ्या साहेबाला गाडी मी शिकवलीय. (शिकवलीच आहे. रिव्हर्स घेताना रडायचा.)

मग तो म्हणाला, "मॅडम, सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे समोर काही आलं ना, तर ही गाडी स्वतःच ब्रेक लावते."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

खरं सांगते, त्या क्षणी मला ती गाडी हवीशी वाटली. भूक लागल्यावर भाकरी हवी वाटते तशी. माझं कुणाला कळणार नाही. मी आपली "ब्रेक" म्हणेन, ती दाबेल. चिरंजीव खूश, मी रस्त्यावर, सगळं झाकलेलं. फक्त आपल्या गाडीचे तुकडे होतील.

चिरंजीवांनी विचारलं, "आवडली?"

म्हटलं, रंग मळखाऊ आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

हिशेब सरळ आहे, तरी रात्रभर — नाही, झोप लागली, उगाच कशाला खोटं — तरी सकाळपासून तोच घोळ. खोटं टिकवलं तर मला नवी गाडी आणि हिला कुऱ्हाड. खरं बोलले तर ही वाचेल आणि मी घरात. मिस्त्रीचा कागद आणला तर दोघीही वाचतो.

कागदच आणणार. ठरलं! अठ्ठावीस वर्षं मी आणि ती. आम्हाला वेगळं करणारा अजून जन्माला यायचाय. आणि मी सावध राहीन. एकदा चुकले, पुन्हा नाही चुकणार. मी काय कुणी शिकाऊ आहे?

बुधवार, ११ फेब्रुवारी

मिस्त्रीकडे निघाले, चालत. वाटेत इस्त्रीवाली. टेबलाचा पाय सुताराला सांगून बसवून दिला होता मी, तो नीट बसलाय का बघायला थांबले.

ती कॉलर दाबत होती. वर न बघता म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही 'ब्रेक' म्हणून ओरडलात ना?"

मी टेबलाचा कोपरा धरला.

"काच खाली होती तुमची. मला वाटलं मलाच सांगताय. मी घाबरून इस्त्री उचलून धरली बघा. म्हणून तर तो शर्ट जळला नाही." आणि हसायला लागली. मीही हसले. काय करणार?

मग तसंच, दुसरी बाही पसरत, म्हणाली, "सासूबाई तेवढ्यात पाणी प्यायला आत गेल्या होत्या. नाहीतर रोज इथे बसतात, टेबलाला टेकून. ऊन येतं ना सकाळचं." टेबलाच्या अलीकडे एक लाकडी स्टूल होतं. आधी कधी बघितलंच नव्हतं मी. मी नेहमी गाडीतून जाते.

"मी कुणाला बोलले नाही. तुमचं तुम्ही बघाल म्हटलं."

तेवढ्यात म्हातारी स्वतःच बाहेर आली. भिंत चाचपत. नव्वदीची असेल, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नसावं. "कोण आलंय गं?"

"गाडीवाल्या मॅडम."

तर ती मला म्हणते, "बसा की." आणि स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मिस्त्रीकडे गेले नाही. परत आले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज काही लिहवत नाही. पाऊण सेकंद, पाऊण सेकंद म्हणत होते. म्हातारीला एक घोट पाणी कमी लागलं असतं तर!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सांगितलं.

जेवणं झाली होती, ताटं तशीच होती. चिरंजीव नव्या गाडीचे फोटो दाखवत होते. मी म्हटलं, "फोन खाली ठेव. ब्रेक फेल झाला नव्हता. मी दाबला नाही."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. "ब्रेक" म्हणाले ते, वाट बघितली ते, आधीचे दोन प्रसंग, मिस्त्रीचा कागद, स्टूल. सूनबाईंना "ब्रेक म्हणाले आणि वाट बघितली" इथे हसू फुटलं. पुढचं ऐकून त्यांनी पदर तोंडावर धरला आणि तो काढलाच नाही.

चिरंजीव उठून उभे राहिले. "दहा दिवस? दहा दिवस तू मला शोरूम फिरवतेस?"

"तू फिरवलंस मला."

"आई, विषय बदलू नको! मी तुला नवी गाडी देऊन रस्त्यावर सोडणार होतो. मी! माझ्या हाताने किल्ली देणार होतो. आणि उद्या तू कुणाला —" त्याने ताट उचललं, मोरीत आदळलं. तिथेच पाठ करून उभा राहिला. लहानपणी नापास झाला की असाच उभा राहायचा.

मलाही रडू आलं. पण मी बोलणं सोडलं नाही. म्हटलं, "मी चालवणार नाही. हे मी ठरवलंय, तू नाही. उद्या परवानापण जमा करीन. पण गाडी भंगारात जाणार नाही. चूक माझी आणि शिक्षा तिला, हे माझ्या घरात चालणार नाही."

"मग ठेवून काय करायचं तिचं? पूजा?"

"उभी राहील. तिने काय तुझं खाल्लंय?"

तो झोपायला गेला. मी किल्ली त्याच्या चष्म्याशेजारी ठेवली. त्याने मागितली नव्हती.

रविवार, १५ फेब्रुवारी

दोन दिवस अबोला. घरात तिघं माणसं आणि बोलतो फक्त कुकर. मी माफी मागितली एकदा. दुसऱ्यांदा मागणार नाही. माझी चूक एक, माफी एक.

चालत बाजारात गेले. शेजारीण म्हणाली, गाडी कुठंय, हात धरू का? म्हटलं, पाय शाबूत आहेत, हात कशाला धरतेस?

घरी येऊन गाडीत जाऊन बसले. शेजारच्या सीटवर. अर्धा तास तरी बसले असेन. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, का खोटं लिहू? उद्या सोळा तारीख.

सोमवार, १६ फेब्रुवारी

ट्रक आला! चिरंजीवांनी रद्दच केला नव्हता. विसरले की मुद्दाम, ते त्यांचं त्यांना माहीत.

मी फाटकात जाऊन उभी राहिले. पातळ खोचून. भंगारवाला म्हणाला, "आजी, बाजूला व्हा, साखळी लावायचीय."

"आधी मला लाव."

तो इकडे तिकडे बघायला लागला. मागे दार वाजलं. चिरंजीव अर्ध्या तोंडावर दाढीचा फेस घेऊन बाहेर आले. मला वाटलं, आता मला दंडाला धरून आत नेणार. मी फाटकाचा गज घट्ट पकडला.

तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. भंगारवाल्याला म्हणाला, "माफ करा, तुमची खेप फुकट गेली. गाडी द्यायची नाहीये."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, ब्रेक गेलेत?"

"नाही. गाडीत काही दोष नाही."

ट्रक गेल्यावर मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. "पासिंगची तारीख जवळ आलीय हिची," एवढंच म्हणाला. "घेऊन जाईन मी." आणि फेस वाळत चाललाय म्हणून आत पळाला.

पोरगा माझा आहे, यात शंका नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

गाडी पास. तपासणारा म्हणाला म्हणे, एवढी जुनी आणि इतकी धडधाकट बघितली नाही. चिरंजीवांनी हे तीनदा सांगितलं. जणू काही गाडी त्यांनीच सांभाळली.

मी माझा परवाना जमा करून आले. खिडकीतल्या बाईने कारण विचारलं. "मर्जी," म्हणाले. लिही म्हटलं तेच.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

बसने गेले. ड्रायव्हर ब्रेक फार उशिरा दाबतो. उतरताना त्याला सांगितलं. त्याला आवडलं नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सकाळी सातला इस्त्रीवाली फाटकाशी. म्हटलं, टेबल पुन्हा मोडलं की काय? म्हणाली, "टेबल नाही. मला शिकवा."

"या वयात?" — हे मी म्हणाले! मी! जीभ चावली. ती त्रेपन्नची आहे. गठ्ठे डोक्यावरून नेते, सासूला दवाखान्यात न्यायचं तर कुणाकुणाच्या पाया पडते. म्हणाली, "आधी घाबरत होते विचारायला. तुम्हीही चुकलात, त्या दिवसापासून नाही घाबरत."

चिरंजीव चहाचा कप घेऊन खिडकीत उभे होते. काही बोलले नाहीत. बोलून तर बघायचं होतं! किल्ली त्यांनीच आणून दिली. तिच्या हातात.

ती चप्पल बाहेर काढून आत बसली. मी शेजारी. म्हटलं, उद्यापासून बूट घालून यायचं, आणि घरून एक उशी आण — तुला बॉनेट दिसत नाहीये.